स्कूलकिलमधला फ्लॅटहेड: सात फेऱ्या रिकाम्या का गेल्या आणि मासा शेवटी कुठे, कधी मिळाला

हे प्रकरण फिलाडेल्फियातल्या एका उन्हाळ्याचं आहे, माणसं दोन, मी आणि माझे भाऊजी. नावं आणि काठावरची नेमकी जागा मुद्दाम देत नाहीये, जागा दिली की पुढच्या शनिवारी तिथे वीस रॉड लागतात. बाकी जे झालं ते जसंच्या तसं लिहितोय, चुकलं तेही, कारण भरतीच्या नदीत फ्लॅटहेड कॅटफिश शोधणाऱ्याला आमच्या मिळालेल्या माशापेक्षा आमच्या रिकाम्या फेऱ्यांचाच जास्त उपयोग होईल असं मला खरंच वाटतं.

पार्श्वभूमी

भाऊजी पेणकडचे, धरमतर खाडीच्या बाजूचे. लहानपण खारबंदिस्तीवर, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधावर गेलेलं, उघाडीच्या (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या) तोंडाशी जिताड्यासाठी (खाडीतला मोठा शिकारी मासा) गरी टाकून बसायचे, त्यामुळे पाणी वाचायची सवय हाडात मुरलेली. मी मात्र पुण्याचा, गरवायला शिकलो ते इथे अमेरिकेत आल्यावर, म्हणजे व्हिडिओ बघून आणि ॲप उघडून. दोघं राहतो फिलाडेल्फियाच्या उपनगरात, नदी घरापासून पंचवीस मिनिटांवर.

स्कूलकिल ही डेलावेअर नदीला मिळणारी नदी. शहरात फेअरमाउंट धरण आहे, १८२२ सालचं, भरती तिथपर्यंत येते आणि धरणाला धडकून थांबते. धरणापासून डेलावेअरच्या संगमापर्यंतचा साधारण साडेआठ मैलांचा पट्टा भरती-ओहोटीचा, पण पाणी गोडं, कारण समुद्राचं खारं पाणी इतकं वर पोचतच नाही. आपल्याकडे खाडी म्हटलं की खारं पाणी डोक्यात येतं, इथे गोड्या पाण्याला दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी, हे भाऊजींना पहिल्या दिवशी विचित्रच वाटलं होतं.

आता मासा. फ्लॅटहेड म्हणजे चपट्या डोक्याचा मोठा कॅटफिश, खालचा जबडा पुढे आलेला, अंग पिवळट तपकिरी आणि त्यावर डाग. शेपटी जवळजवळ सरळ कापल्यासारखी, तर चॅनल कॅटफिशची शेपटी दुभंगलेली असते, अंधारात टॉर्च मारून ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण. मूळचा मिसिसिपी, ओहायोच्या खोऱ्यातला, म्हणजे पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिम टोकाला पिट्सबर्गकडे तो घरचाच आहे पण पूर्वेकडच्या नद्यांत परका. १९९० च्या दशकाच्या शेवटी स्कूलकिलच्या खोऱ्यातल्या ब्लू मार्श जलाशयात तो सापडला आणि पुढच्या काही वर्षांत खाली शहरापर्यंत आला. इथे किती वाढला बघा, २०२० च्या मे महिन्यात फिलाडेल्फियात याच नदीत ५६ पाउंड ३ औंसाचा निघाला, राज्याचा विक्रम झाला तो (२०२३ मध्ये सस्कुहॅना नदीतल्या ६६ पाउंड ६ औंसाच्या माशाने मोडला). म्हणजे मासा आहे, मोठा आहे आणि शहराच्या मधोमध आहे. तरी आम्हाला दिसेना.

अडचण काय होती

मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत सात फेऱ्या, प्रत्येक वेळी संध्याकाळी सात ते रात्री दहा-साडेदहा. मिळाले ते सगळे चॅनल कॅटफिश, दोन-तीन पाउंडांचे, आणि एकदा एक ईल. फ्लॅटहेडचा पत्ताच नाही.

पहिल्यांदा मला वाटलं जागा चुकतेय, म्हणून तीन जागा बदलल्या. मग वाटलं आमिष चुकतंय. हे दुसरं अर्धं खरं निघालं, आम्ही वापरत होतो कोंबडीची कलेजी, आणि कलेजीच्या वासावर चॅनल कॅट धावत येतो, फ्लॅटहेड सहसा नाही. मोठा फ्लॅटहेड दबा धरून बसतो आणि जिवंत, हलणारा मासा गिळतो. म्हणजे आम्ही आमिषच असं लावत होतो की चॅनल कॅटच यावेत, आणि वर म्हणत होतो की इथे चॅनलच आहेत.

पण खरी अडचण वेगळीच होती आणि ती मला उशिरा कळली. माझ्या फोनवरच्या भरतीच्या ॲपमध्ये ठिकाण लागलेलं होतं डेलावेअर उपसागराच्या तोंडाचं, समुद्राजवळचं. तिथे भरती पूर्ण झाली की तीच भरती फिलाडेल्फियात पोचायला पाचेक तास लागतात. मी ते कधी तपासलंच नाही, ॲपने 'जवळचं ठिकाण' म्हटलं आणि मी मान्य केलं.

तिसऱ्या फेरीला भाऊजी म्हणाले होते, "अरे, त्या दगडावरची ओली रेघ बघ, पाणी अजून हातभर चढायचंय." मी म्हटलं, "भाऊजी, अहो ॲपवर भरती होऊन गेलीये अर्ध्या तासापूर्वी." ते गप्प बसले. इथली नदी आहे, इथल्या मुलाला जास्त कळत असेल असं त्यांना वाटलं असणार. मला त्या क्षणाचं अजून वाईट वाटतं. ज्या माणसाने तीस वर्षं पाणी बघितलंय त्याचा डोळा खरं सांगत होता आणि मी त्याला पडदा दाखवत होतो.

भाऊजींचंही एक गणित इथे चाललं नाही हे सांगायला हवं. तिकडे तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ निघते, अष्टमीला सहाच्या सुमाराला भरती, हे त्यांना तोंडपाठ. ते गणित कोकण किनाऱ्याचं आहे, प्रत्येक किनाऱ्याचा चंद्राशी हिशोब वेगळा असतो, नदीत आत गेलं की अजून वेगळा. उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) मात्र इथेही तिथीप्रमाणेच, अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, तेवढं कामाला आलं.

कोणते पर्याय होते

जूनच्या शेवटी बसून विचार केला.

पहिला पर्याय धरणाच्या अगदी खाली उभं राहायचं. वर जाणारे मासे तिथे अडतात, माशांना वर चढायला बाजूला पायऱ्यांसारखी वाट केलेली आहे, म्हणजे शाड, हेरिंग, पर्च सगळे तिथे गोळा होतात आणि त्यांच्या मागे मोठा कॅटफिश. जागा नक्की चांगली, पण गर्दी, आणि माझ्या मते जिथे पाणी सतत घुसळतं तिथे ते वळतं कधी हे शिकायला मिळत नाही.

दुसरा पर्याय न्यू जर्सीच्या बाजूने डेलावेअरच्या मुख्य पात्रात. पात्र मोठं, होडी नाही, आणि शिवाय न्यू जर्सीत फ्लॅटहेड हा धोकादायक माशांच्या यादीत आहे, तिथे पकडला तर जिवंत परत सोडायचा नाही. भाऊजी म्हणाले आधी मिळू दे, मग बघू. मला हा प्रश्न आधीच सोडवायचा होता, पण आम्ही तो पुढे ढकलला आणि नंतर तो आमच्या अंगावर आला, त्याबद्दल खाली.

तिसरा पर्याय, धरणाच्या खाली काही मैलांवर एक बाहेरचं वळण आहे, तिथे जुन्या धक्क्याचे लाकडी खांब पाण्यात कुजत उभे आहेत. फ्लॅटहेडला लाकूड, खड्डा आणि आडोसा लागतो, दिवसभर तो त्यातच पडून राहतो. कागदावर हीच जागा बरोबर, फक्त आम्ही आधी दोनदा इथे येऊन हात हलवत गेलो होतो.

चौथा पर्याय, महिनाभर थांबायचं. जून ते जुलैच्या सुरुवातीला, पाणी साधारण २४ अंशांच्या वर गेलं की फ्लॅटहेड अंडी घालतो, नर कपारीत, पोकळ ओंडक्यात घरट्याची राखण करतो, त्या दिवसांत तो फारसा शिकारीला निघत नाही. म्हणजे आमच्या सातातल्या निदान तीन फेऱ्या तशाही कठीणच होत्या.

शेवटी तिसरा आणि चौथा मिळून ठरलं, जागा वळणाचीच, पण जुलैच्या मध्यापर्यंत रॉड न्यायचा नाही, फक्त बघायचं. ही कल्पना भाऊजींची. ते म्हणाले, "उघाडी कुठे आहे ते ओहोटीला कळतं, भरतीला सगळं पाणी सारखंच दिसतं."

काय केलं

एका रविवारी पूर्ण ओहोटीला गेलो, ॲपचं ठिकाण आता फिलाडेल्फियावर आणून. इथे भरती-ओहोटीतला फरक सहा फुटांच्या आसपास असतो. गंमत अशी की समुद्राजवळ तो चारच फूट, आणि वर ट्रेंटनला, जिथे डेलावेअरची भरती संपते, तिथे आठ फूट, कारण पात्र नरसाळ्यासारखं निमुळतं होत जातं. सहा फूट पाणी उतरल्यावर जे दिसलं ते बघून मी गप्प झालो. एरवी आम्हाला खांबांची एक रांग दिसायची, तिच्या पुढे दुसरी रांग होती, पाण्याच्या पातळीला तुटलेली, आणि त्या दोन रांगांच्या मधे एक अख्खं झाड आडवं, मुळं वरच्या दिशेला. आमचे गळ कुठे अडकून तुटत होते ते पण कळलं. फोटो काढले, काठावरच्या कठड्याच्या कोणत्या खांबासमोर काय येतं ते लिहून घेतलं.

खोली मोजायला भाऊजींनी नुसत्या शिशाची दोरी फेकली आणि ते तळाला लागेपर्यंत एक, दोन, तीन असे आकडे मोजले. झाडाच्या अलीकडे चार आकडे, पलीकडे नऊ. म्हणजे झाडाच्या मागे खड्डा, आणि खड्ड्याचा कडा बरोबर मुळांपाशी.

मग त्याच दिवशी भरती चढून परत उतरायला लागेपर्यंत आम्ही तिथेच बसलो. भाऊजींच्या पिशवीत भाजलेल्या शेंगा होत्या, दर दहा मिनिटांनी ते मूठभर टरफलं पाण्यात टाकायचे आणि मी वहीत लिहायचो, कुठल्या दिशेला, किती वेगाने. ॲपमधल्या कोष्टकातली भरतीची वेळ झाली, टरफलं अजून वरच्या दिशेलाच चालली होती, सावकाश पण वरच. दहा मिनिटं, वीस मिनिटं. पंचविसाव्या मिनिटाला काठाजवळची टरफलं थांबली आणि गोल फिरायला लागली, मधल्या धारेतली मात्र अजून वर. अजून दहा मिनिटांनी सगळीच थांबली. मग आडवी सरकली, झाडाच्या दिशेने, आणि हळूहळू खाली निघाली.

म्हणजे पाण्याची उंची सगळ्यात जास्त कधी आणि धार कधी वळते या दोन वेगळ्या वेळा आहेत. आमच्या वळणावर फरक अर्ध्या तासाचा, दुसऱ्या जागी वेगळा असेल, तो तिथे बसूनच मोजावा लागेल. ॲप दुरुस्त केल्यावरही आम्ही इथे आलो असतो तर कोष्टकाची वेळ झाली म्हणून पाऊण तास आधी येऊन बसलो असतो आणि नेमकी धार वळताना सामान आवरत असतो.

हे महत्त्वाचं का, तर धार जोरात असते तेव्हा फ्लॅटहेड लाकडाच्या मागे दबून बसतो, ताकद वाया घालवत नाही. धार मंदावली की बाहेर येतो, कड्यावर. आणि ओहोटी सुरू होताना उथळावरचे छोटे मासे खड्ड्याकडे ढकलले जातात. भाऊजी एवढंच म्हणाले, "जिताडा पण असाच."

सामान बदललं. कलेजी बंद. तीस पाउंडांची मोनो दोरी, सरकतं शिसं, पुढे वीतभराहून थोडी जास्त दोरी आणि ८/० चा सर्कल गळ. आमिषाला तिथेच किड्याच्या तुकड्यावर पकडलेला व्हाइट पर्च, जिवंत. इथे एक इशारा. त्याच काठावर छोटे चंदेरी मासे थव्याने मिळतात आणि मोह होतो, पण त्यात रिव्हर हेरिंग असू शकतो आणि तो ठेवायला इथे बंदी आहे. ओळखता येत नसेल तर आमिष म्हणून लावू नका, आम्ही दोनदा पकडून लगेच सोडले.

जुलैच्या मध्याला एक फेरी पावसाने खाल्ली. वर जोराचा पाऊस झाला होता, दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो, का तर सुट्टी होती. नदी चहाच्या रंगाची, ओंडके वाहत चाललेले, आणि भरतीची वेळ असून धार वर वळलीच नाही, नुसती मंदावली. पावसात या शहराचं सांडपाणीही नदीत उतरतं, जुन्या भागांत गटारं आणि पावसाचं पाणी एकाच नळातून जातं. अशा दिवशी जाणं चूकच, माशासाठी पण आणि हातावरच्या जखमांसाठी पण.

पुढच्या फेरीला पहिला खरा फ्लॅटहेड लागला आणि गेला. रॉड वाकला आणि भाऊजींनी सवयीने जोरात झटका दिला. साध्या गरीला ते बरोबर, सर्कल गळ मात्र झटक्याने तोंडातून निघून येतो, त्याला रॉड आपोआप वाकू द्यायचा आणि नुसतं गुंडाळायला लागायचं. गळ परत आला, पर्च अर्धा चेपलेला, त्यावर खरखरीत कागदाने घासल्यासारखे ओरखडे. दात नाहीत तशी, नुसती कानस असते त्याच्या जबड्यात.

काय झालं

जुलैचा शेवटचा आठवडा, कोष्टकात भरती रात्री ९:४०. आम्ही सव्वानऊला गळ टाकला, मुळांच्या अलीकडे, कड्यावर. १०:१० ला टरफलं गोल फिरायला लागली. १०:२५ ला रॉडचं टोक बारीक थरथरलं, ते पर्च घाबरल्याचं असतं, हे आता कळायला लागलं होतं. भाऊजींनी दोन्ही हात मांडीखाली घेतले, झटका जाऊ नये म्हणून. टोक सावकाश खाली गेलं, थांबलं, आणि मग रॉड मुठीपर्यंत वाकला.

"गुंडाळ," ते म्हणाले, "बाकी काही करू नको."

मासा सरळ झाडाकडे निघाला. इथे निर्णय होता, दोरी सोडायची का धरून ठेवायची. सोडली असती तर मुळांत गेला असता, धरली तर तुटण्याची भीती. ओहोटीला काढलेला फोटो डोळ्यासमोर होता, मुळं किती जवळ आहेत ते माहीत होतं, म्हणून रील घट्ट केली आणि काठाने चार पावलं उजवीकडे सरकलो. तो वळला. दहा-बारा मिनिटांनी जाळीत आला, ३४ इंच, १८ पाउंड, म्हणजे आठ किलोच्या वर.

आणि मग पुढे ढकललेला प्रश्न आला. सोडायचा का मारायचा?

मला मारायचा होता. हा मासा इथला नाही, जो शाड वर चढवायला माशांची वाट बांधली, तोच शाड आणि हेरिंग हा खातो. नॉर्थ कॅरोलायनात केप फिअर नदीत १९६६ मध्ये ११ फ्लॅटहेड सोडले होते, अकराच, आणि ते नदीभर पसरले. जॉर्जियात सॅटिला नदीत सरकारी माणसं वर्षानुवर्षं ते काढतायत. भाऊजींचं म्हणणं, मासा मारला तर खायचा, खायचा नसेल तर मारायचा कशाला. आणि खायचा कसा, इथल्या माशांत पीसीबी नावाचं विषारी औद्योगिक रसायन साठलेलं असतं, चरबीत, मोठ्या वयस्कर माशात जास्त, राज्याची त्याबद्दल स्पष्ट सूचना आहे आणि घरात लहान मुलं आहेत. दोघांचं बरोबर होतं. आम्ही जाळी पाण्यात धरून पाच-सहा मिनिटं बोलत राहिलो, मासा तोपर्यंत दमत होता, हे मला आत्ताही बरं वाटत नाही.

शेवटी मारला. पण दांडा नाही, बर्फ नाही, दगडाने मारावा लागला, तेही दोन घावांत. घरी पोट उघडलं तर एक क्रेफिश, एक अर्धा विरघळलेला पर्च आणि एका चंदेरी माशाचा नुसता कणा, शाडचा की हेरिंगचा की आणखी कशाचा ते सांगता येणार नाही. भाऊजी तो कणा बराच वेळ बघत होते. मासा मागच्या अंगणात खोल पुरला, फुलझाडांच्या वाफ्यात, भाजीच्या नाही.

त्यानंतर ऑगस्टभरात त्याच जागेवर अजून दोन मिळाले, ११ आणि १४ पाउंडांचे, दोन्ही धार वळल्यापासून अर्ध्या तासाच्या आत. एक धार भरती संपतानाची, एक ओहोटी संपतानाची. पहाटेच्या दोन फेऱ्या रिकाम्या गेल्या.

आता काय वेगळं करू

पहिली संपूर्ण फेरी रॉडशिवाय, ओहोटीला. सात रिकाम्या रात्रींत जे कळलं नाही ते एका दुपारी कळलं.

कोष्टक कोणत्या ठिकाणाचं आहे ते आधी बघायचं, आणि सोबतचा माणूस दगडावरची ओली रेघ दाखवत असेल तर फोन खिशात ठेवायचा. यात माझीच चूक होती आणि तिची किंमत दीड महिना.

जूनमध्ये फ्लॅटहेडच्या मागे लागायचं नाही, त्या दिवसांत चॅनल कॅट पकडावेत, मजाही येते आणि सोडायलाही अडचण नाही.

माशाचं काय करायचं हे घरून निघताना ठरवायचं. आता आमचं ठरलंय की मिळाला की लगेच मारायचा, दांडा आणि बर्फाचा डबा गाडीत असतो. भाऊजींना ते अजून पूर्ण पटलेलं नाही. ते म्हणतात लहान असेल तर त्यात विष कमी असेल, चरबी काढून एखादा तुकडा खाल्ला तर काय होतंय. आमची ताई त्याला तयार नाही, आणि स्वयंपाकघरात शब्द तिचाच.

झाडाच्या खाली साठ-सत्तर फुटांवर मोजणी आठ येते, म्हणजे तिथे दुसरा खड्डा असावा, पण तिथली धार कधी वळते ते अजून पाहिलेलं नाही. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी दुपारी ओहोटी आहे, तेव्हा शेंगा घेऊन जाणार आहोत.